चौकशी खिडकी

जगात माणसांच्या दोन जाती असतात. एक जाणाऱ्यांची, दुसरी सोडणाऱ्यांची. आमचे शेजारी आप्पा दुसऱ्या जातीतले. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी बत्तीस वर्षं सातारा स्टँडवर काढली. त्या जाळीच्या खिडकीमागून त्यांनी लाखो माणसं मुंबईला, सोलापूरला, पंढरपूरला सोडली आणि स्वतः मात्र कोल्हापूरच्या पुढे कधी गेले नाहीत. "सगळेच गेले तर सोडायचं कुणी?" हा त्यांचा सवाल.

निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, पण आवाज निवृत्त झालेला नाही. सकाळी सहाला आमच्या वाड्याला जाग येते ती, "सूनबाई, चहा फलाटावर लागला का?" या घोषणेनं. पाहुणे निघाले की, "साताऱ्याहून मेढामार्गे महाबळेश्वरला जाणाऱ्या पाहुण्यांनी आपल्या पिशव्या मोजून घ्याव्यात," असं होतं. घड्याळ बघितल्याशिवाय ते शिंकतसुद्धा नाहीत. आणि एक सवय जुनी आहे. नोकरीत असताना घाटातल्या गावाला गेलेली मुक्कामाची गाडी पोचल्याचा निरोप आला नाही, तर पाळी संपली तरी हे खिडकीतच बसून. बदलीचा माणूस म्हणायचा, "आप्पा, सुटली की गाडी, आता तुमचं काय काम?" आप्पा म्हणायचे, "सुटली हे अर्धं वाक्य झालं."

अशा माणसाच्या नातीनं बारावीच्या निकालाच्या दिवशी पेढा तोंडात असतानाच सांगितलं, "मला पायलट व्हायचंय."

घरात सन्नाटा पसरला. तिच्या आईनं देवाकडं पाहिलं, बापानं बँकेच्या पासबुकाकडं. आप्पांनी सुनेकडं. "जन्मल्यापासून पोरीला चिऊ चिऊ म्हणून हाक मारताय. मग ती काय इंजिनियर होईल?"

मग ते आत गेले आणि महामंडळाची एक जुनी, कोरी डायरी घेऊन आले. पहिल्या पानावर रकाने आखले: गाड्या किती, चालू किती, बंद किती, चालक किती, शेरा. वर अक्षरं काढली: 'विमान चौकशी'. नि माझ्याकडं वळून म्हणाले, "गुरुजी, तुम्ही इंग्रजीचे मास्तर. तुम्ही बरोबर यायचं."

मी पासष्टी ओलांडलेली, म्हणून एसटीत माझं अर्धं तिकीट. आप्पा शहात्तर वर्षांचे. 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्या माणसाला राज्यभर एसटीचा प्रवास फुकट. त्यामुळं महाराष्ट्रातल्या विमान प्रशिक्षण केंद्रांची ही पाहणी आप्पांना शून्य रुपयांत पडली. विमानाच्या शोधात लाल गाडीनं फिरलेला एवढा एकच माणूस मी पाहिला.

पहिला मुक्काम पुण्यातल्या एका हॉटेलात, शिक्षण मेळाव्याला. तिथं खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या लावलेला एक तरुण उभा होता. तो पायलट नव्हता, प्रवेश सल्लागार होता. पण पट्ट्या वैमानिकाच्या होत्या. त्यानं आमच्या हातात गुळगुळीत पुस्तिका ठेवली. मुखपृष्ठावर ढग, ढगावर विमान आणि विमानापेक्षा मोठं एक हसू.

"सर, तीन वर्षांत बी.एस्सी. एव्हिएशन आणि कमर्शिअल पायलट लायसन्स. शंभर टक्के प्लेसमेंट."

आप्पांनी चष्मा वर केला. "पदवी नसली तर लायसन मिळतं का?"

"मिळतं की. बारावीला फिजिक्स-मॅथ्स, वय अठरा पूर्ण, मेडिकल, डीजीसीएच्या परीक्षा आणि 200 तास उड्डाण."

"आणि पदवी आहे, पण 200 तास नाहीत, तर?"

"तर... मग नाही मिळत."

"म्हणजे पदवी भिंतीला आणि लायसन पोटाला. दोन्हीचे पैसे दोन कागदांवर लिहून द्या. आता सांगा, कॉलेज तुमचं आहे. विमान कुणाचं?"

तरुण थोडा अडखळला. कॉलेज पुण्यात होतं आणि विमानं भलत्याच गावात, भलत्याच संस्थेची. दोघांच्यात करार होता.

आप्पा मला म्हणाले, "भाड्याची गाडी. गाडी बंद पडली की मालक म्हणणार महामंडळाला विचारा, महामंडळ म्हणणार मालकाला विचारा. प्रवासी मधल्या मधे खंबाटकी घाटात." डायरीत त्यांनी लिहिलं: 'करार पाहणे. विमान न मिळाल्यास जबाबदार कोण?' मग खास खिडकीतला आवाज लावला: "विमानं किती?"

"फ्लीट बारा विमानांची आहे, सर."

"असू दे की. सकाळी सहाला चालू होऊन पहिल्या फेरीला सुटणारी किती?"

तो सेल्सच्या शाळेत शिकलेला होता. हा प्रश्न त्याच्या अभ्यासक्रमात नव्हता.

तेव्हा मला उमगलं की आप्पांना विमानातलं काही कळत नाही. रनवे 27 असं ऐकून त्यांनी मला कानात विचारलं होतं, "एवढ्याशा गावात सत्तावीस फलाट?" तो आकडा दिशेचा असतो, 270 अंशांचा, शेवटचं शून्य गाळून लिहितात, हे मीच त्यांना समजावलं. पण आगार त्यांना कळतं. आणि उड्डाण शिकवणारी संस्था म्हणजे शेवटी एक आगारच, फक्त गाड्या वर जातात.

त्यांची पद्धत ठरलेली. विमानतळावर पोचलं की कार्यालयाकडं जायचंच नाही. कुंपणाबाहेरच्या चहाच्या टपरीवर सकाळी सहाला बसायचं, डायरी उघडायची आणि उडणारं प्रत्येक विमान शेपटीवरच्या अक्षरांसकट टिपायचं. व्हीटी हे सगळ्याच भारतीय विमानांवर असतं, त्यापुढची तीन अक्षरं त्यांच्या कामाची. "गाडीचा नंबर टिपला की एकच गाडी पाच वेळा दाखवून पाच गाड्या आहेत असं कुणी सांगू शकत नाही. आमच्यात साहेब तपासणीला आले की हेच करायचे."

एका ठिकाणी, गाव मी सांगत नाही आणि डायरीतही ते नुसतं 'लाल शेरा' म्हणून आहे, पुस्तिकेत नऊ विमानं होती. सहा ते बारा आम्ही बसलो. अकरा चहा झाले. उडाली तीन. दुपारी हँगरचं दार किलकिलं झालं तेव्हा आत दोन सेसना ठोकळ्यांवर उभ्या दिसल्या. एकीला नाक नव्हतं, दुसरीला चाक.

"ऑफरोड," आप्पा हळहळून म्हणाले. शत्रूचीसुद्धा गाडी बंद पडलेली त्यांना बघवत नाही.

टपरीवर विद्यार्थी चहाला येत. कार्यालयात कळत नाही ते ड्रायव्हर-कंडक्टरच्या विश्रांतिगृहात कळतं, हे आप्पांचं दुसरं सूत्र. पाच मिनिटांत ते पोरांचे आप्पा झाले. मुलं किती? साठ. कोर्स किती महिन्यांचा सांगतात? अठरा. डायरीच्या मागच्या पानावर हिशेब सुरू झाला. साठ पोरं, प्रत्येकी 200 तास, म्हणजे 12,000 तास. तीन विमानं, दिवसाला चार तास धरू, महिन्याचे पंचवीस दिवस, झाले 300 तास. "बारा हजार भागिले तीनशे. चाळीस महिने! आणि यात पावसाळा धरलेला नाही, विमान बंद पडणं धरलेलं नाही, धुकं धरलेलं नाही."

एक पोरगा चहाचा पेला तसाच धरून बसला. त्यानं दोन वर्षांत हा भागाकार केला नव्हता. त्याच्या वडिलांनी पूर्ण फी एकरकमी भरली होती, सवलत मिळते म्हणून.

आप्पांनी लाल पेन काढलं आणि ठळक लिहिलं: 'आधी पैसे, मग फेरी, असे कधीही करू नये. टप्प्याटप्प्याने भरणे.'

शिक्षक किती, हा पुढचा रकाना. शिक्षक होते चार, त्यातले दोन पुढच्या महिन्यात एअरलाइनमध्ये निघाले होते. शिकवता शिकवता त्यांचे स्वतःचे तास साठतात, आणि एअरलाइनचं बोलावणं आलं की ते जातात. त्यात गैर काही नाही. पण आप्पांना पटेना. "म्हणजे शिकवणारा स्वतःच पिशवी घेऊन स्टँडवर उभा! पोरीला अर्ध्यात नवा मास्तर आला की तो म्हणणार, आधीचं विसर, परत पहिल्यापासून दाखव. ते तास कुणाच्या खिशातून?"

तासांवरून आठवलं. उड्डाणाचा तास म्हणजे हवेतला तास अशी माझी समजूत होती. तसं नाही. उड्डाणासाठी विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं, आणि परत येऊन थांबलं की बंद. आप्पा चमकले. "म्हणजे स्टँडात गाडी वळवायचंसुद्धा भाडं?" मग स्वतःच पुढं विचार केला. "तर मग रनवेच्या तोंडाशी रांग किती असते ते बघितलं पाहिजे. रांगेत वीस मिनिटं उभी राहिली तर पोरगी जमिनीवरच पायलट होईल."

बारामती पाहिली, धुळं पाहिलं. 1928 साली जुहूला सुरू झालेला बॉम्बे फ्लाइंग क्लब आता धुळ्याला उड्डाण शिकवतो, हे ऐकून आप्पांनी टोपी काढली. कारण याच क्लबात शिकून जेआरडी टाटांनी 10 फेब्रुवारी 1929 ला देशातलं पहिलं लायसन काढलं आणि 1932 साली कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणलं. "मार्गे" हा शब्द आला की आप्पांना तो प्रवास घरचा वाटतो. "आपली पहिली गाडी 1 जून 1948 ला पुण्याहून नगरला सुटली. जेआरडी आपल्याला सोळा वर्षांनी सीनियर." नागपूर झालं, तिथून गोंदियाजवळचं बिरसी झालं. साताऱ्याहून एसटीनं गोंदिया गाठणं म्हणजे काय, ते माझ्या कमरेला विचारा. आप्पा मात्र प्रत्येक स्टँडवर उतरून तिथल्या नियंत्रकाशी हस्तांदोलन करत, फलाटांची संख्या विचारत, ताजेतवाने होत होते.

केंद्र सरकारची अकादमी उत्तर प्रदेशात फुरसतगंजला आहे. राष्ट्रीय पातळीवरची प्रवेश परीक्षा, मोठं नाव. आप्पा म्हणाले, "नावातच फुरसत आहे, तिथं 200 तास वेळेत व्हायचे कसे?" शिवाय तिकडं एसटी जात नाही. तरी त्यांनी पोरीला परीक्षेला बसवलं. नंबर थोडक्यात हुकला. आप्पा दोन दिवस बोलले नाहीत, म्हणजे फुरसतीचा विनोद वरवरचा होता.

एवढ्यात सल्ल्यांचा हंगाम आलाच. वाड्यातल्या जोशीबुवांनी, 1895 साली शिवकर बापूजी तळपदे यांनी चौपाटीवर विमान उडवलं म्हणतात ही गोष्ट सांगून, मराठी माणसाला परक्या यंत्राची गरजच काय, असा मुद्दा मांडला. आप्पांनी शांतपणे विचारलं, "ते परत उतरलं कुठं?" बुवा गप्प. न्यू जर्सीहून पुतण्यानं तिथल्या विद्यापीठांची माहिती पाठवली. फ्लोरिडात डेटोना बीचला एम्ब्री-रिडल, नॉर्थ डकोटात ग्रँड फोर्क्सचं विद्यापीठ; तिथं कॉलेज आणि विमान एकाच आवारात. "काका, अमेरिकेत एअरलाइनला 1500 तास लागतात, पण मान्यताप्राप्त चार वर्षांची पदवी असेल तर 1000 मध्ये भागतं." आप्पांनी मला ते दोनदा वाचायला लावलं. "चांगलं आहे. पण ती सवलत तिथल्या नोकरीला. आपल्या पोरीला इथं उडवायचंय. म्हणजे डॉलरात फी भरायची, मग इथं येऊन परत परीक्षा देऊन लायसन बदलून घ्यायचं. उलट्या दिशेच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली म्हणून बसायचं का?"

घरात आकडा निघाला: इथंसुद्धा पन्नास लाख आणि वर. त्याशिवाय लायसन हाती आल्यावर एअरबस किंवा बोइंग यांपैकी एका विमानाचं टाइप रेटिंग, त्याचे लाख वेगळे. चिऊच्या बापानं घाम पुसला. आप्पा म्हणाले, "मेढ्याचं रान आहे. पण आधी फिटनेस, मग परमिट." त्यांनी पहिल्यांदा मेडिकल करवून घेतली. रंग नीट दिसतात का, कान, हृदय, सगळं. पैसे भरून बसल्यावर डोळ्यात दोष निघालेला एक मुलगा त्यांना नागपूरच्या स्टँडवर भेटला होता. डायरीत त्याच्यासाठी वेगळं पान आहे.

बायकांनी विमान चालवावं का, हा प्रश्न जोशीबुवांनी काढून पाहिला. "1985 साली सौदामिनी देशमुखांनी सगळ्या बायकांच्या चमूनिशी फोकर फ्रेंडशिप कलकत्त्याहून सिल्चरला नेलं," आप्पा म्हणाले. "तेव्हा तुम्ही साताऱ्याहून वाईला जायला सोबत शोधत होता."

अखेर एक संस्था ठरली. तिची पुस्तिका काळीपांढरी होती आणि शुद्धलेखनाच्या चुका मी स्वतः मोजल्या, चौदा. पण टपरीवर बसून सहा तासांत सात वेगवेगळी विमानं आप्पांनी टिपली. धावपट्टीला दिवे होते. हे त्यांनी मुद्दाम विचारलं, कारण 200 तासांत रात्रीचे पाच तास लागतात, आणि दिवे नसले की विद्यार्थ्याला त्यासाठी दुसऱ्या गावी जाऊन वाट बघत बसावं लागतं. पण निर्णय झाला तो हँगरमध्ये. तिथं हात ग्रीसनं माखलेला एक इंजिनियर होता. आप्पांनी विचारलं, "बंद किती?" त्यानं न बोलता भिंतीवरच्या फळ्याकडं बोट केलं. फळ्यावर खडूनं लिहिलं होतं: कुठलं विमान बंद, कधीपासून, कुठला सुटा भाग यायचाय, कुठल्या विमानाची शंभर तासांची तपासणी कधी. दोन विमानं बंद होती आणि ती फळ्यावर होती.

आप्पा फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "गुरुजी, बंद गाडी सगळ्यांकडं असते. जो ती फळ्यावर लिहितो, त्याच्याकडं पोरगी द्यावी."

मी आजवर मुलीसाठी स्थळ बघायचे शंभर निकष ऐकलेत. हा त्यातला सर्वांत पक्का वाटला.

चिऊ गेली. दिशादर्शन, हवामान, नियम, तांत्रिक, सगळ्या पेपरांना सत्तर टक्के हवेत, हे कळल्यावर आप्पांनी रोज रात्री फोनवर उजळणी घेतली. त्यांना कळत काही नव्हतं, पण उत्तर देताना आवाज डळमळला की ते बरोबर पकडायचे. खरा रंग चढला रेडिओच्या परीक्षेला. रेडिओवर आकडे सुटे सुटे वाचायचे असतात आणि नाइनला 'नाइनर' म्हणायचं असतं, ऐकण्यात घोटाळा होऊ नये म्हणून. आप्पांना हे ऐकून भरून आलं. "हेच! बत्तीस वर्षं मी हेच केलं. एकोणसाठ म्हटलं की लोक एकोणसत्तरच्या गाडीत बसायचे. मग मी पाच-नऊ म्हणायला लागलो. साहेबानं मेमो दिला होता मला, मराठी बिघडवता म्हणून." टॉवरमधल्या माणसालाही कंट्रोलर म्हणतात हे कळल्यापासून तर ते विमानतळाकडं सासर-माहेर असल्यासारखं बघतात. चिऊनं पाठवलेलं तिच्या रेडिओ संभाषणाचं रेकॉर्डिंग त्यांनी स्टँडवर जुन्या मंडळींना ऐकवलं. इंग्रजी कुणालाच कळलं नाही. आप्पांनी निकाल दिला: "आवाज चांगला आहे. शेवटचं अक्षर खाते."

मागच्या महिन्यात तिची लांबची फेरी होती. लायसनसाठी एकटीनं 300 सागरी मैलांचा प्रवास करावा लागतो. मधे दोन वेगळ्या विमानतळांवर उतरायचं, मग परत. साडेपाचशे किलोमीटर, सातारा-मुंबई जाऊन येऊन होईल त्याहून थोडं जास्त. सकाळी मी ओट्यावर गेलो तर आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत ताठ बसलेले, मांडीवर डायरी. सव्वासातला निरोप आला. त्यांनी लिहिलं, 'सुटली 7.10.' पहिल्या थांब्याचा निरोप आला, लिहिला. दुसऱ्याचा आला, लिहिला. सूनबाई जेवायला बोलवून गेल्या, दोनदा. मी म्हटलं, "आप्पा, आता येईलच की. आत चला, ऊन आलंय."

त्यांनी नुसतं घड्याळ पाहिलं.

दीड वाजता फोन वाजला. चिऊ काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. आप्पांनी एवढंच विचारलं, "गाडी जागेवर लावली?" मग डायरीत वेळ टाकली, 'पोचली' लिहिलं, खाली सही केली, पेनाचं टोपण लावलं. उठले, टोपी सारखी केली आणि मला म्हणाले,

"चला गुरुजी, ड्यूटी संपली. घरी जातो."

ते घराच्याच ओट्यावर उभे होते.